माश्यांना कळवलं

क्लेमंट थर्कटल निवृत्त होऊन इंग्लंडात नॉरफोकमधल्या आपल्या बापजाद्यांच्या घरात कायमचा राहायला आला, त्याला नुकतंच तिसरं वर्ष लागलं होतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. मोजायला काही उरलं नाही, तेव्हा तो पूर्वजांकडे वळला. जेवणाच्या टेबलावर त्याने वंशावळीचा कागद अंथरला. कागद वाढत गेला तसं जेवण सरकत सरकत स्वयंपाकघरात गेलं. त्याची बायको विनिफ्रेड, म्हणजे विनी, यावर काही बोलली नाही. थर्कटलांच्या बायका बोलत नसतच. कागदावर पुरुषांच्या चौकटीत चार-चार ओळी होत्या, बायकांच्या चौकटीत नुसतं नाव, तेही कुठे कुठे अर्धं.

चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या मिस कॉपिंग सांभाळायच्या. वही पुढे सरकवताना त्या सहज म्हणाल्या, "तुमच्याकडचे पुरुष फार नीटनेटके जातात हं, मिस्टर थर्कटल. चहा घेतात, जरा आडवे होतात, झालं. कुणाला त्रास नाही."

क्लेमंटने ही घराण्याची स्तुती समजून पेन्सिलीने टिपून घेतली.

बाकीचं हळूहळू जुळत गेलं. पणजोबा जोसाया याने पिठाची गिरणी मुलाकडे सोपवली, घरी बसला आणि पितळी तुतारी शिकायला लागला. तिसऱ्या वर्षी वारला. आजोबा एडमंड घरी बसला आणि घड्याळं जमवू लागला. एकतीस घड्याळं, सगळी ठोके देणारी. तिसऱ्या वर्षी वारला. वडील हर्बर्ट मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचे, तोही बैठकीच्या खोलीत. त्यांचंही तेच. क्लेमंटला हे योगायोग फार आवडले. त्यांच्यासाठी त्याने वेगळा कागद घेतला आणि तोही टेबलावरच ठेवला.

राहिली होती माश्यांची वही. बागेच्या टोकाला मधमाश्यांच्या पाच पेट्या होत्या, आणि त्या घरात त्यांची वही सासूकडून सुनेकडे जायची. घरचा मालक गेला की बाईने पुढच्या दाराची किल्ली घेऊन प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकायचं, बातमी सांगायची आणि काळी फीत बांधायची. नाहीतर माश्या रुसून निघून जातात, असं त्या भागात सगळेच मानत. क्लेमंटने ती वही दोनदा मागितली होती. विनीने दोन्ही वेळा 'त्यात तुझ्या कामाचं काही नाही' असं सांगितलं होतं. शुक्रवारी ती फुलं द्यायला चर्चमध्ये गेली, तेव्हा त्याने पुसण्यांच्या खणातून वही काढली.

पणजीने लिहिलं होतं, 'माश्यांना कळवलं. १२ मे १८६२.' क्लेमंटने आपला कागद पाहिला. थडग्यावरून स्वतः उतरवलेली जोसायाच्या मृत्यूची तारीख होती १४ मे.

म्हातारीची चूक झाली असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्याने आजीची नोंद पाहिली. दोन दिवस आधी. आईचीही दोन दिवस आधी. तिघींचं अक्षर वळणदार, कुठेही शाई सांडलेली नाही. आईने तर त्याच ओळीत पुढे त्या वर्षीचा मध चांगला उतरल्याचं लिहिलं होतं.

त्याने वही होती तशी ठेवली आणि पुसणी नीट घडी घालून वर रचली. दुपारी विनी परत आली. टोपी काढता काढता तिने टेबलाकडे पाहिलं.

"क्लेमंट, रविवारपर्यंत हे टेबल रिकामं कर."

"का गं?"

"माणसं येतील."

"कोण माणसं?"

"येतातच रे माणसं," विनी म्हणाली आणि किटली ठेवायला आत गेली.

सरळ विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला असलं खासगी काही विचारलं नव्हतं, आणि सुरुवात कुठून करायची हेही सुचेना. त्याऐवजी त्याला एक युक्ती सुचली. आपणच जाऊन माश्यांना सांगावं, की घरी सगळं ठीक आहे, कळवण्यासारखं काही नाही. पुढच्या दाराची किल्ली त्याने खुंटीवरून काढली. किल्लीला मेणाचा वास येत होता.

बागेत कुणी नव्हतं. तरी त्याने कोट नीट केला, खाकरून घसा साफ केला आणि पहिल्या पेटीवर ठोकायला हात उचलला. तो तसाच राहिला. पेटीला काळी फीत बांधलेली होती. दुसरीला होती, तिसरीलाही. पाचही पेट्यांवर फीत होती, आणि विनी मुरंब्याच्या बरण्यांवर मारते तशीच छोटी, घट्ट गाठ. माश्या आपल्या कामात होत्या. त्यांना बातमी कळलेली होती.

"क्लेमंट," स्वयंपाकघराच्या दारातून विनीने हाक मारली. आवाज नेहमीसारखाच, जरा जास्तच मायेचा. "चहा गार होतोय."

तो किल्ली हातात घेऊन उभा राहिला. मागचं फाटक दहा पावलांवर होतं आणि उघडंच होतं. पण टोपी घरात राहिली होती. शिवाय तीन पिढ्यांच्या कागदपत्रांत थर्कटलांपैकी कुणी चहाला नाही म्हटल्याची एकही नोंद त्याला सापडली नव्हती.

"आलोच," तो म्हणाला, आणि दारातल्या पायपुसण्यावर त्याने बूट नीट पुसले.