बातमीच्या पायाशी बसलेली चौकट

जो बोलवितो आणि ज्याच्यापाशी पोहोचल्यावर बोलणे थांबते, त्या वाणीच्या स्वामीला माझे पहिले वंदन. माझ्यासारख्या पोकळीतही त्याचाच वास आहे, एवढ्या आधारावर तोंड उघडते.

मी एक चौकट बोलते आहे. फोनवर चाळीस सेकंदांची बातमी हलत असते, तिच्या पायाशी मी बसते. माझ्यात मत लिहायचे असते. देवाने माणसाला दोन कान आणि एक तोंड दिले. माणसाने मला नुसते तोंडच दिले.

माझी कर्ती एका बातम्यांच्या कंपनीत आरेखनाचे काम करणारी, अबोल स्वभावाची बाई. तिने मला प्रथम कागदावर पेन्सिलीने आखले, तेव्हा मी बातमी संपल्यावरच उघडत असे. माझ्या पोटात फिक्या अक्षरांत तिने लिहिले होते, "बातमी पाहून तुम्हाला काय कळले?"

तिच्या वरिष्ठांना कचेरीत सगळे आकडेबुवा म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, ही काय परीक्षा आहे? 'काय वाटतं? बोला!' असं लिहा. आणि हिला तिसऱ्या सेकंदाला उघडा."

"तिसऱ्या? बातमी कळायच्या आत लोक काय बोलतील?"

"कळल्यावर कोण बोलतं हो?" आकडेबुवा म्हणाले. त्यांच्या आयुष्यातले ते बहुधा सर्वांत खरे वाक्य असावे.

झाले! मी तिसऱ्या सेकंदाला वर येऊ लागले आणि चित्राचा खालचा अर्धा भाग झाकून ऐटीत बसू लागले.

तरी एक अडचण उरली. रिकाम्या चौकटीत पहिले पाऊल टाकायला कोणी धजत नाही. त्यावर कचेरीने तोड काढली, तिचे नाव 'विरजण'. रोज सकाळी दहा वाजता त्या दिवसाच्या मथळ्यांची यादी येई. चित्रफिती तयार व्हायच्या असत. पण प्रत्येकाने खोट्या नावाने प्रत्येक मथळ्यावर एकेक झणझणीत मत आधीच लिहून ठेवायचे. बातमी बाहेर पडली की मत तिच्या आधीच हजर! दुधाचा पत्ता नाही आणि दही लागलेले, असा चमत्कार मी रोज पाहत असे. माझ्या अबोल कर्तीने स्वतःसाठी खोटे नाव घेतले होते 'सत्यवक्ता'. नामाचा महिमा मोठा खरा, पण तो मनापासून घेतलेल्या नामाचा.

एके दिवशी यादीत अकरावा मथळा आला : 'शाळेच्या बसचालकाने मुलांना भर रस्त्यात उतरवून पळ काढला!' कर्तीच्या एका हातात चहाचा पेला होता. दुसऱ्या हाताने सत्यवक्ता लिहिता झाला : "अशा माणसाच्या हाती लेकरं देता कशी? आधी घरी बसवा याला." मग चहा संपला आणि बारावा मथळा आला.

दुपारपर्यंत त्या मताला साठ हजार लोकांनी मान डोलावली. संध्याकाळी कर्तीच्या आईचा फोन आला.

"अगं, मामाला घरी बसवलंय! चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणाले. हात पोळलाय त्याचा, आणि वर हे. कोण मेला तो सत्यवक्ता, त्याच्या जिभेला काही हाड?"

वडिलांच्या माघारी याच मामाने तिला लहानाचे मोठे केले होते. शाळेची बस चालवता चालवता भाचीला आरेखनाच्या महाविद्यालयापर्यंत पोचवले होते. एकवीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. दोन वर्षांनी तो सन्मानाने निवृत्त व्हायचा होता. आता 'मुलांना टाकून पळालेला' म्हणून घरी बसायची वेळ आली होती.

ती तडक मामाकडे गेली. तो खिडकीपाशी उजव्या हाताला पट्टी बांधून बसला होता. तिने दारातूनच सांगून टाकले, "मामा, ते मी लिहिलंय. सत्यवक्ता मीच."

मामाने तिला आत बोलावून शेजारी बसवले. मग म्हणाला, "तरीच. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती."

"मामा, थट्टा नको ना."

"बरं, बातमी पाहिली होतीस?"

"नाही."

"मग आता तरी पाहा बाई. मलाही नीट दिसलेली नाही."

दोघांनी फोन मध्ये धरला. मुले पाठीवर दप्तरे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. बस सुसाट निघालेली. आणि तिसऱ्या सेकंदाला मी वर आले.

"खाली काहीतरी आडवं येतंय गं. सरकव ना ते."

"ते सरकत नाही मामा," ती म्हणाली. "मीच तसं केलंय."

मी जिथे ठाण मांडून बसले होते, त्याच जागी बसच्या पोटाखालून धूर निघत होता. समोर पेट्रोल पंप होता. मामाने मुलांना उतरवून मदतनीस बाईंच्या हवाली केले आणि पेटती बस एकट्याने हाकत मोकळ्या मैदानात नेली. बस मैदानात नेल्याचे चित्रफितीत तिसाव्या सेकंदानंतर होते. तिथवर फारसे कोणी पोचले नव्हते. जे पोचले, त्यांच्या डोळ्यांवर मी बसले होते. अहंकार आत्म्याला झाकतो असे संत सांगतात. मी नुसता धूर झाकला, पण तेवढ्याने एका माणसाचे सारे पुण्याचरण झाकले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोणालाही न विचारता, त्या एका बातमीपुरती, मला चाळिसाव्या सेकंदाच्या पलीकडे नेऊन ठेवले. सत्यवक्त्याच्या मताच्या वर स्वतःचे खरे नाव घालून तिने लिहिले : "खालचे मत माझे आहे. मी बातमी न पाहता ते लिहिले. आमच्या कचेरीत सगळेच तसे लिहितात. हा चालक पळाला नाही. आग घेऊन मुलांपासून दूर गेला. आधी शेवटपर्यंत पाहा."

आकडेबुवा धावत आले. "ताई, विरजणाचं गुपित फोडलंत! आकडे धुळीला मिळणार, आणि तुमची नोकरीही!"

"मिळू द्या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी प्रथमच ऐकला.

पण कबुली वाचायला ही झुंबड उडाली! दुपारी आकडेबुवा पुन्हा आले. या खेपेस आवाजात साय होती.

"ताई, अशी एखादी कबुली रोज देता येईल का हो?"

तिने ठाम नकार दिला. तिने सत्यवक्त्याचे नाव पुसले आणि विरजणाला पुन्हा हात लावला नाही. मात्र कामावर राहण्यासाठी एक अट तिने मान्य करून घेतली. आता प्रयोग म्हणून दहातल्या एका फोनवर मी बातमी संपल्यावर उघडते. तिथे माझ्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. जे येतात, ते दोन ओळी लिहितात, आणि त्या दोन ओळींत बहुधा काहीतरी असते. उरलेल्या नऊ फोनांवर मी अजून लोकांचे डोळे झाकते. तुमचा फोन कोणता, ते मला ठाऊक नाही. म्हणून विनवणी एवढीच, की मी उघडले म्हणून तुम्ही लगेच तोंड उघडू नका.

मामाला तिसऱ्या दिवशी बोलावणे आले. बस-कचेरीचे साहेब उठून उभे राहिले. "माफ करा, लोकांचं मत आता तुमच्या बाजूनं झालंय," असे म्हणत त्यांनी नव्या बसच्या किल्ल्या मामाच्या डाव्या हातात ठेवल्या. मामाने विचारले, "साहेब, आपण बातमी पाहिलीत का?"

"छे हो! वेळ कुठे असतो? खालचं वाचलं ना सगळं!"

मामा हसला आणि हात बरा झाल्यावर कामावर रुजू झाला.

हे निवेदन शेवटपर्यंत ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. तुमच्या घरी उतावळ्या शब्दाला उंबऱ्याशी क्षणभर विसावा मिळो, कष्टकऱ्याच्या हाताला यश आणि नावाला मान मिळो, चुकलेल्याला कबुलीचे बळ आणि ऐकणाऱ्याला क्षमेचे मन मिळो. घराघरात प्रकाश नांदो, आणि तो पाहण्यापुरती सवड सर्वांना लाभो.