घोड्यांना चारा कोणाचा

निवृत्त झालं की माणसाला व्याख्यानांची खोड लागते. मला लागली. सोलापुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने 'मंगोल साम्राज्याचा वारसा' हा विषय दिला, तेव्हा मी खूश झालो. कॉलेजात बत्तीस वर्षं इतिहास शिकवताना मंगोल हा माझा हातखंडा विषय होता. चंगीझखानाच्या कत्तली, मग मुला-नातवंडांनी बसवलेली घडी, चीनपासून इराणपर्यंत निर्धोक झालेले व्यापारी रस्ते आणि शेवटी टपालव्यवस्था. पंचवीस-तीस मैलांवर ठाणं, ठाण्यावर ताजे घोडे. स्वार उतरला, दुसऱ्या घोड्यावर बसला, निघाला. इथे वर्ग चिडीचूप व्हायचा आणि मला ते फार आवडायचं.

या वेळी म्हटलं, एक-दोन नवी पुस्तकं चाळावीत. त्यातल्या एकात अख्खं प्रकरण त्या ठाण्यांवर नेमलेल्या कुटुंबांवर निघालं. घोडे त्यांनी द्यायचे, चारा त्यांचा, दूतांचं खाणंपिणंही त्यांच्याच चुलीवर. दूत म्हणवणारे वाढत गेले आणि ही कुटुंबं घरंदारं टाकून पळू लागली. हे मी आधी ऐकलं होतं, माझ्याच वर्गात, एकवीस वर्षांपूर्वी, एम.ए.च्या एका मुलीकडून.

ती रुद्राणी, कानडी सीमेवरच्या दुधनी गावची. आमच्या विभागात लघुप्रबंधाचे विषय ठरवायची रीत अशी होती, की एकेकाने सगळ्यांसमोर उभं राहून विषय सांगायचा आणि मी तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणायचं. मुलं आपापल्या तालुक्याचं काहीतरी आणायची. साधनं हाताशी, आणि खरं सांगायचं तर मलाही तपासायला सोपं. ही उठली आणि म्हणाली, मंगोलांच्या ठाण्यांवर घोडे कोणाचे होते, त्यांना चारा कोण घालत होतं, हे मला शोधायचंय. तिच्या पणजोबांना संस्थानच्या घोड्यांसाठी वेठीने कडबा द्यावा लागायचा, ते घरात अजून सांगत. त्यातून हा प्रश्न तिला पडला होता.

उत्तर मला येत नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त स्वाराकडे बघत आलो होतो. तेवढं कबूल करायला काय झालं होतं मला? पण प्राध्यापकाची ताठ मान. मी म्हणालो, "अगं, दुधनीहून मंगोलियाला एसटी जाते का?"

वर्ग खो खो हसला. तीही हसली. मी तिला दुधनीच्या आठवडी बाजाराचा विषय दिला. तिने तो नेटका लिहिला, पहिला वर्ग मिळवला आणि पुढे पीएच.डी.ला काही आली नाही. का, ते मी विचारलंही नाही.

व्याख्यानाच्या आधी तिला गाठायचं ठरवलं. माफी मागायची होती. शिवाय सांगायचं होतं, की तो विषय अजून घे, पुस्तकं मी मिळवून देतो. चाळिशी उलटली म्हणून काही बिघडत नाही, असं दुधनीच्या एसटीत मी स्वतःलाच समजावत होतो.

ती गावातल्याच एका शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर तिने मला घरी नेलं, पाया पडली, नवऱ्याला कानडीत माझी ओळख करून दिली, ताटात शेंगदाणे-गुळाची शेंगापोळी वाढली. मी ते प्रकरण उघडून पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिने दोन पानं वाचली.

"तुझाच प्रश्न आहे हा," मी म्हणालो. "मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुझी थट्टा केली. चुकलो मी, रुद्राणी."

तिने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो मी मुकाट्याने सोसला असता.

"असं का म्हणता, सर? तुमी बरोबरच केलं की. मला तवा काय कळत होतं? मी बी आता पोरांना तसंच वळण लावते." ती हसली. "गेल्या वर्षी दहावीतल्या एका पोरीला प्रकल्प करायचा होता. आफ्रिकेतनं गुलाम नेणाऱ्या जहाजांवर स्वयंपाक कोण करत होतं, म्हणे. मी म्हटलं, भाकऱ्या थापायला जाणार हायस का तितं? सगळा वर्ग हसला. मग तिनं गावातल्या विहिरींवर केला. लई छान केला."

हे ती अभिमानाने सांगत होती, शिकवलेला धडा पाठ म्हणून दाखवावा तसं. माफी मागायला मी उशिरा आलो होतो, एवढंच नव्हे. ती माफी ज्या मुलीपर्यंत पोचायला हवी होती, ती मुलगी आता दुसरीच होती.

"कोण ती मुलगी?" मी विचारलं. "नाव सांग. हे पुस्तक तिला देऊ."

रुद्राणी आठवू लागली. बाक आठवला, दोन वेण्या आठवल्या. नाव काही आठवेना.

तिला बोल लावायला मला तोंड नव्हतं. दुधनीला निघण्याआधी रुद्राणीचं स्वतःचं नाव मला कॉलेजच्या जुन्या हजेरीपटात शोधावं लागलं होतं.