शनीपल्याडची शेपटी

दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि तेर गावच्या शिवारातल्या वस्तीवर वैष्णवी परवाचं चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून बघत होती. तिला पाळीनं मिळणारी दुर्बीण पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला होती, जिथं आत्ता रात्र होती; वैष्णवी ती इथून लॅपटॉपवर चालवायची. शनीच्याही पल्याड, जिथं बर्फ दगडासारखा निपचित पडलेला असतो, तिथल्या एका धूमकेतूला परवा तिनं शेपटी पाहिली. एवढ्या गारठ्यात शेपटी म्हणजे पीएचडीचं सोनंच! चार वाजता तिचे पीएचडीचे गाईड सर ती बातमी जगाला कळवणार होते. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गावाला आधीच कळवून टाकली होती.

आणि आज तिच्या ध्यानात आलं, शेपटी नेमकी धूमकेतूच्या चालीच्या रेषेत आहे. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीनं फिरवली, तर एक चित्र घ्यायला लागणाऱ्या वीस मिनिटांत धूमकेतू सरकतो नि चित्रात फरपटल्यासारखा उमटतो. परवा तिनं दुर्बिणीची गती बदलून धूमकेतूची लावली होती का? बाईसाहेबांनी हुरळून नोंदच केली नव्हती. आता धूमकेतूच्या चालीनं एक चित्र घेतलं की सोक्षमोक्ष. तीन वाजता दुर्बीण दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती.

पण पावणेतीनला शेतीची थ्री-फेज लाईट यायची. डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, अकरा मोटारी एकदम सुरू झाल्या की फ्यूज उडायचा, मग वायफाय गुल.

"अण्णा, तीनपर्यंत कुणाला मोटार लावू देऊ नका!"

"शेपटीसाठी?" बजरंगअण्णांनी फोन काढला. "सांगतो की."

शेजारच्या ज्या कल्याणप्पानं लेकीच्या साखरपुड्यातही मोटार थांबवली नव्हती, तोही थांबला.

तीनला चार मिनिटं कमी असताना चित्र आलं. आता शेजारचे तारे फरपटले होते आणि धूमकेतू नुसता एक बारीक ठिपका होता, बिनशेपटीचा. वैष्णवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं सरांना फोन लावला. "सर, बातमी थांबवा. शेपटी नाही. चूक माझी आहे."

सरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

अण्णा दारात उभे होते. "दिसली?"

"न्हाय अण्णा. नव्हतीच. माझंच चुकलं." तिला रडू फुटलं.

अण्णांचा चेहरा उतरला. तेवढ्यात कल्याणप्पाचा फोन आला. पोरीकडं बघत अण्णा म्हणाले, "व्हय, शेपटी खोटी निघाली. कुणी पकडलं म्हंजी? आमच्या वैष्णवीनंच पकडलं. लाव आता मोटार."