मोठ्याचा निरोप

धाकटीने बसची दुसरी खेप मैदानावर आणली, तेव्हा आई घडीच्या खुर्चीवर ऐसपैस बसून भोवतीच्या बायकांना मोबाईल दाखवत होती.

"हा बघा, आत्ताच आला. आमच्या मोठ्याने पाठवलाय."

निरोप सरकारी होता आणि साऱ्या गावाला एकदमच गेला होता. डोंगरावर वणवा पेटला आहे, सर्वांनी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जमावे, पुढील सूचनेपर्यंत कोणीही तिथून हलू नये. पण मोठा राजधानीत आपत्ती विभागाच्या नियंत्रण कक्षात होता आणि असले निरोप त्याच्याच टेबलावरून सुटायचे, त्यामुळे आईच्या लेखी हा लेकाने खास तिला केलेला फोनच होता. धाकटी शाळेची बस चालवायची. तिची ओळख करून देताना आई "आणि ही एक" म्हणून मोकळी व्हायची. आपल्याला त्याचं आता काही वाटत नाही, असं धाकटी सगळ्यांना सांगायची. साफ खोटं सांगायची.

मैदान तसं वणव्यापासून लपायला उत्तम होतं. खडी पसरलेला सपाट माळ, झाड नाही की गवताची काडी नाही. एका कडेला तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे कपाटांसारखे पांढरे कंटेनर ओळीने उभे होते. त्यांत बॅटऱ्या होत्या. दिवसा उन्हाची वीज साठवायची आणि अंधार पडला की गावाला पुरवायची. त्यांच्या उद्घाटनाला मंत्री आले होते, तासभर बोलले होते, आणि त्यात आगीचा 'आ'सुद्धा निघाला नव्हता.

धाकटीने बेकरीवाल्या काकांना हात देऊन खाली उतरवलं. "परतीचं तिकीट आत्ताच काढू का गं?" काका म्हणाले. ती हसली आणि हसता हसता थांबली. कुंपणापलीकडे एका कंटेनरच्या दाराखालून धूर येत होता. डोंगरावरचा धूर काळपट होता आणि वर चढत होता. हा पांढरा होता आणि जमिनीलगत पसरत होता. सोबत कुकरची शिटी अडकावी तसा फुसफुस आवाज.

फाटकातून तिथला पहारेकरी धावत आला, तोंडाला रुमाल दाबलेला. "पळा इथून! बॅटरी तापलीय! ही पाण्याने विझत नाही, एक पेटली की शेजारची पेटते. धूर विषारी आहे, अहो पळा ना!"

माणसं जागची उठली. आणि मग, धाकटीला पुढे कितीतरी दिवस हे खरं वाटत नव्हतं, त्या सगळ्यांनी आधी आपापल्या मोबाईलमध्ये पाहिलं.

नेमका त्याच वेळी निरोप पुन्हा वाजला. तोच. कोणीही हलू नये.

"थांबा म्हणतायत," काका म्हणाले आणि हातातली पिशवी त्यांनी परत खाली ठेवली.

धाकटीने भावाला फोन लावला.

"दादा, मैदानावर बॅटऱ्या पेटतायत. लोकांना निघा म्हणून कळव. लगेच!"

"कसल्या बॅटऱ्या?"

"कसल्या म्हणजे? तुमच्याच सरकारने बसवलेल्या! मैदानाला लागून!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अगं, माझ्या नकाशात तिथे नुसतं मोकळं मैदान आहे. झाडं नाहीत म्हणून तर ती जागा निवडली आम्ही. बॅटऱ्या ऊर्जा खात्याकडे येतात. त्यांनी आम्हाला कधी कळवलंच नाही."

"आता मी कळवतेय ना!"

"तसं नसतं गं. ठिकाण बदलायचं तर साहेबांची सही लागते. साहेब मंत्र्यांबरोबर बैठकीत आहेत."

"दादा, आई इथे आहे."

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. आता हा ओरडेल, खुर्ची लाथाडून उठेल, सही गेली खड्ड्यात म्हणेल, असं तिला वाटलं. लहानपणी तिला कोणी नुसतं ढकललं तरी हा अंगावर धावून जायचा.

"थांब हं," तो म्हणाला, "मी साहेबांना चिठ्ठी पाठवतो आत."

तिने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. संताप नंतर आला.

ती आईकडे धावली. "आई, ऊठ. बसमध्ये बस. पुलाकडचा रस्ता मोकळा आहे, तिकडे वणवा पोचलेला नाही, मी आत्ताच त्या रस्त्याने आले."

"तुला काय कळतंय त्यातलं?" आईने पदर नाकाला लावला, पण खुर्ची सोडली नाही. "तो तिथे बसून सगळं बघतोय. काही असतं तर त्याने सांगितलं नसतं?" आणि भोवतीच्या बायकांनीही माना हलवल्या. सरकारी माणसाची आई बसली आहे म्हटल्यावर त्या कशाला उठतील? अर्धं मैदान निरोपावर बसलं होतं आणि अर्धं आईवर.

कंटेनरच्या दारातून आता ज्वाळ दिसायला लागली. घसा खवखवत होता. आईला उचलून नेता आलं असतं, पण बाकीच्यांना कसं उचलणार? आपण घसा फोडून ओरडलो तरी आपल्या शब्दावर इथलं एक माणूस हलणार नाही, हे धाकटीला स्वच्छ कळलं. ते कळण्याचं दुःख करायला मात्र वेळ नव्हता.

"दादाचाच फोन होता," ती म्हणाली. "तो म्हणाला, आईला सांग, सगळ्यांना घेऊन पुलापलीकडे जा. ताबडतोब."

आई ताडकन उठली. गुडघे दुखतात म्हणून एरवी दोघींचा आधार लागणारी बाई, पण खुर्ची उलटी पडली तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. "चला गं! उठा! मोठ्याने कळवलंय! अहो काका, पिशवी राहू द्या, चला!" तिने अख्खं मैदान हलवलं. गाड्या सुरू झाल्या, पोरं काखोटीला मारली गेली. कोणी कशाचा पुरावा मागितला नाही. बसमध्ये उभं राहायलाही जागा उरली नाही.

पूल ओलांडताना मागे स्फोट झाला. बसच्या काचा थरथरल्या. आरशात धाकटीला कंटेनरचं दार उडून मैदानाच्या मधोमध पडलेलं दिसलं, आणि पांढऱ्या धुराने झाकत गेलेल्या रिकाम्या खुर्च्या.

पुलापलीकडच्या शाळेच्या आवारात उतरल्यावर माणसं आईचे हात धरायला लागली. काकांना तर रडूच फुटलं. आईने मोबाईल काढला, मोठ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"बाळा, तू वेळेवर कळवलंस म्हणून आम्ही सगळे वाचलो रे."

"कुठे आहात तुम्ही? मैदानावर नाही?" मोठ्याचा आवाज फाटला होता. "आई, मी काही नाही कळवलं. मी अजून सहीचीच वाट बघतोय."

आईने फोन बंद केला नाही, नुसता हात खाली सोडला. तिने धाकटीकडे पाहिलं. असं तिने याआधी कधी पाहिलं असेल तर ते धाकटीला आठवत नव्हतं.

"मग मी कुणाच्या शब्दावर उठले?"

"माझ्या," धाकटी म्हणाली.