चौथी पायाभरणी

अरे, आमच्या वालेनीच्या विमानतळाचं नवं टर्मिनल बांधायला बावीस वर्षं लागली, आणि त्यातली निम्मी पायाभरणीत गेली! सरकार बदललं की नवा मंत्री यायचा. आधीच्याचा दगड वापरणं म्हणजे कमीपणा, म्हणून आपला नवा दगड बसवायचा. असे चार झाले. चौथा आत्ताच्या मंत्र्याचा, संगमरवरी, म्हशीएवढा, आणि ठेवला कुठे? तर आग लागल्यावर पळायच्या दारासमोर!

लाविनियाने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. ती अग्निशमन दलाची इंजिनिअर, तिच्या सहीशिवाय उद्घाटन नाही.

"दगड हलवा, मगच सही."

"अगं पोरी, त्यावर साहेबांचं नाव आहे!" विमानतळाचे संचालक पाम्फिल कळवळले.

"मग आग लागली की लोकांनी नाव वाचत बसायचं का?"

"आग कशाला लागेल? सगळं इटलीहून आणलंय!" आणि मग आवाज खाली आणून, "सही नाही झाली, तर सोमवारी तुझी डोंगरातल्या चौकीवर बदली. अस्वलांना दारं दाखव."

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर काय, दारावरची हिरवी पाटी गायब! दाराला भिंतीचाच रंग.

"आता बोल," पाम्फिल खुशीत. "पाटी नाही म्हणजे दार नाही. मग अडलं कुठे?"

लाविनियाची कानशिलं तापली. पण ती गोड हसली. "म्हणजे एक दार कमी? लेखी द्या, साहेब."

त्यांनी दिलं की! शिक्का मारून! तिने बसून नव्याने हिशेब केला, उद्घाटनाच्या अर्जात एक आकडा लिहिला आणि सही ठोकली. पाम्फिलनी फक्त सही बघितली. आकडा वाचतो कोण?

रविवारी सहाशे निमंत्रित. मंत्री दीड तास उशिरा, म्हणजे नेहमीप्रमाणेच. आत कोबीच्या पानातले गरम सारमाले फुकट, त्यामुळे लोक तुटून पडलेले. मुख्य दाराशी फायरमन सिल्विऊ डोकी मोजत होता.

"दोनशे नऊ... दोनशे दहा. बस!"

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी आली. सिल्विऊने हात आडवा धरला.

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना, साहेब! पण आत दोनशे दहाच. एक बाहेर आला की तुम्ही आत."

सारमाले सोडून कोण येणार बाहेर? रिवाजाप्रमाणे ब्रेड आणि मीठ घेऊन स्वागताला उभी केलेली मुलगीसुद्धा आतच, काचेतून हात हलवतेय.

पाम्फिलनी अर्ज मागवला. वाचला. सोबत 'एक दार कमी'चा कागद, खाली शिक्का त्यांचाच. "पोरी, काहीतरी कर गं!"

"माझ्या हातात काय आहे? जेवढी दारं, तेवढी माणसं," लाविनिया म्हणाली. "ते दार मोकळं असतं तर सहाशे मावले असते."

मंत्र्यांनी काचेला नाक लावून आत पाहिलं. "कुठल्या गाढवाने ठेवला तो धोंडा तिथे?"

सिल्विऊने आठ बॅन्डवाले बाहेर काढले, तेव्हा कुठे आठ मजूर आत गेले. अकरा मिनिटांत दगड बाहेर, आणि बॅन्डवाले परत आत सारमाल्यांवर! बावीस वर्षांत तिथे एवढं झटपट काही झालं नव्हतं.

"आता येऊ?" मंत्र्यांनी विचारलं.

"थांबा," लाविनिया म्हणाली, आणि पाम्फिलकडे हात पसरला. "पाटी कुठेय, साहेब?"