परत न आलेली वाटी

सहदेव सरकारी कचेरीत अन्नटंचाईची आगाऊ सूचना देणाऱ्या विभागात होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून पाऊस, पेरणी, बाजारभाव यांचे आकडे येत आणि त्यांवरून सूचना तयार होई. तिच्यावर सगळ्या साहेबांच्या सह्या होईपर्यंत टंचाई येऊन, पाहुणचार घेऊन परत गेलेली असे. सूचना तरीही जायचीच. टंचाई काय, पुन्हा येणारच होती.

१९८२ साल. गिरण्यांचा संप लांबला होता. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत शेजारणीची वाटी रिकामी परत करायची पद्धत नव्हती. समोरच्या गिरणीकामगार धाकूच्या बायकोकडून, मालनकडून, सहदेवच्या घरची वाटी आधी लाडू घेऊन यायची, मग शेंगदाणे, मग चिमूटभर साखर. या वेळी वाटी आलीच नाही.

"नलू, धाकूच्या घरात टंचाई आहे," सहदेव बायकोला म्हणाला.

"कुठल्या साहेबांनी सांगितलं?"

"साहेबांना कळायला अजून अवकाश आहे."

या खेपेला सह्यांची वाट न बघता त्यानं सात दारं ठोठावली आणि प्रत्येक दारात बजावलं, "कुणाला सांगू नका हां." कुणी कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दुपारी आपण एकटेच पुण्य करतोय अशा समजुतीत सातही घरांतून मालनकडे भांडी गेली.

संध्याकाळी मालन दारात उभी.

"भावोजी, ही आग तुम्हीच लावलीत ना? पोरं पोटभर जेवली, खोटं कशाला बोलू? पण घरात सात भांडी पडलीत. ती भरू कशानं?"

"तशीच दे गं," नलिनी म्हणाली.

"रिकामी? मेले तरी नाही देणार!"

मदत आली की माणसाची पंचाईत होते, हा रकाना कचेरीच्या तक्त्यात नव्हता. मग सहदेवला तोंडावर आलेली दिवाळी आठवली.

"वहिनी, फराळ करून द्याल? सामान ज्याचं त्याचं, मजुरी रोख."

"भीक घालताय?"

"नलूच्या चकल्या खाल्ल्यात ना तुम्ही? मग भीक कोण मागतंय ते तुम्हीच सांगा."

नलिनीनं नवऱ्याकडे असं बघितलं, की रात्रीच्या जेवणाची आगाऊ सूचना त्याला तिथेच मिळाली. मालननं मात्र पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना.

चार दिवसांत भांडी भरून घरोघर गेली. शेजारच्या चाळीतून भाजणी आली, पाठोपाठ बेसन. गिरणीत कापड विणायचा साचा चालवणारा धाकू चुलीपाशी बसून चकल्यांचा सोऱ्या दाबत होता.

"हात भरून आले गो. जरा थांबूया?"

"घाणा तेलात आहे," मालन झारा उगारत म्हणाली. "इथे संप केलात तर याद राखा!"