दोन क्ष आणि क्ष अधिक दोन

आईने मटाराची शेंग ओठांत धरली, उजवा हात ताठ वर केला आणि खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाली, "बाई, बाई! कंस लगेच काढायचाच होता, तर घातला कशाला?"

लेक लोखंडी कपाटासमोर खडू घेऊन उभी होती. कपाटाच्या हिरव्या दारावर तिने ३(क्ष + ४) असं लिहिलं होतं, आणि त्यापुढे ३क्ष + १२.

"आई, असं कुणी विचारत नाही."

"आई कोण? मी सातवीतला शंकासुर आहे. दर वर्षी एक असतोच. पोरं बदलतात, शंका त्याच. आणि बाई, वर्गात शेंगा खाल्लेल्या चालतात का?"

"नाही चालत. काढ ती तोंडातून."

दुसऱ्या दिवशी लेकीचा पाठ होता. शाळेतली तिची नेमणूक तात्पुरती होती. मुख्याध्यापिका आणि संस्थेचे दोघे जण मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं पाहणार होते आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. विषय त्यांनीच दिला होता: सममूल्य राशी. म्हणजे दिसायला वेगळ्या, पण क्षच्या जागी कुठलीही संख्या घातली तरी किंमत सारखीच येणार अशा. "शिकवायला सोपं, समजायला अवघड," असं आई म्हणाली होती. तिची उभी हयात सातवीला गणित शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यापासून तिने खडूला हात लावला नव्हता. पण आज जेवणं आटोपल्यावर टेबलावर मटाराचा ढीग ओतून ती स्वतःच अख्खा वर्ग होऊन बसली होती.

"कंस घातला," लेक विचार करत म्हणाली, "कारण क्ष आणि चार एकत्र आहेत, आणि असे तीन गट आहेत, हे दाखवायचंय. काढला, कारण कधी कधी सगळे क्ष एका बाजूला मोजणं सोयीचं पडतं. दोन्ही बरोबर."

"पटलं नाही," शंकासुर म्हणाला. "पण बाई चिडल्या नाहीत, म्हणून बसतो."

मग आईने चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावर थाप मारली आणि एका दमात ओरडली, "तीन क्ष अधिक चार! झालं! मी पहिला!"

"हा कोण आता?"

"ह्याची नेहमी गाडी सुटत असायची. कंसाबाहेरचा तीन पहिल्याला भेटला की ह्याच्या लेखी काम झालं. दुसरा बिचारा तिथंच उभा. आता बस चालवतो." आईने एक शेंग सोलली. "त्याच्या बसमध्ये मी बसत नाही."

लेक हसली आणि दाराकडे वळली. "क्षला दोन मान. कंसात दोन आणि चार, सहा. सहा त्रिक अठरा. आता तुझं उत्तर: तीन दुणे सहा आणि चार, दहा. जुळलं का?"

"नाही, बाई." गाडीवाला हिरमुसला.

त्यानंतर होयबा आला. कळलं का विचारलं की "हो बाई", काय कळलं विचारलं तरी "हो बाई". त्याच्यामागून एक मुलगी आली, जिला दर प्रश्नाला पाणी प्यायला जायचं असे. प्रत्येकासाठी आईचा आवाज बदलत होता, मान बदलत होती, बसायची तऱ्हा बदलत होती. लेकीला हसता हसता पुरेवाट झाली. ह्यातली बरीचशी, ती स्वतः सातवीत होती तेव्हाची, तिच्याच वर्गातली होती. होयबा तर तिच्या मागच्याच बाकावर बसायचा आणि दर आठवड्याला पट्टी मागून न्यायचा. त्या वर्गातला ओल्या फडक्याचा वास तिला आठवला, दुपारी उन्हात तापणारी खिडकीची कड आठवली. आणि शाळेजवळचा रस्त्याचा कोपराही. घरापासून त्या कोपऱ्यापर्यंत ती आईचा हात धरून यायची. कोपरा आला की आई हात सोडायची. तिथून पुढे बाई.

सातवीचं ते सबंध वर्ष बाईंनी तिला वर्गात एकदाही उभं केलं नव्हतं. आपल्याच मुलीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. तिचे पेपरसुद्धा दुसऱ्या तुकडीचे सर तपासत. घरी गणित विचारायची तिला बंदी होती. "घरची शिकवणी" असं कुणी म्हणालं असतं.

"मघाचा दोन आता ह्या दुसऱ्या राशीत घालू," लेक म्हणाली. "तीन दुणे सहा आणि बारा, अठरा. दोन्हीकडे अठरा. म्हणून ह्या दोन्ही राशी सारख्या." तिने उत्तराखाली रेघ ओढली. मागून काहीच आवाज आला नाही, म्हणून ती वळली.

आईने शेंगा बाजूला सारल्या होत्या. ती अंग चोरून बसली होती. तिचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला, कानापर्यंत आला, तिथं थबकला, केसांची बट कानामागे सारून पुन्हा खाली गेला. नजर टेबलावरच होती.

"हे कोण नवीन पात्र?" लेक म्हणाली. "हात वर करायचा तर नीट कर की. केस कसले सारखे करतेस?"

आईने पुन्हा तसंच केलं. कानापर्यंत हात, बट, खाली.

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. तिचा स्वतःचा हात कानाकडे निघाला होता. तो तिने मधेच थांबवला.

"रोज करायचे मी?"

"रोज नाही. पण हा धडा होता तेव्हा रोज."

"तुला दिसायचं?"

"तिसऱ्या बाकावरचं सगळं दिसतं, बाई."

मग शिक्षिकेच्या आवाजात, जरा जास्तच मोठ्याने, लेक म्हणाली, "उभी राहा. विचार, काय विचारायचंय तुला?"

आई उठून उभी राहिली. मघापासून ज्याच्या त्याच्या आवाजात फडाफडा बोलणाऱ्या तिला आता एक शब्द सुचेना.

"ते मला माहीत नाही गं," ती आपल्या आवाजात म्हणाली. "तिला मी कधी विचारलंच नाही."

मग लेकीने पुढे होऊन आईच्या हातात खडू ठेवला आणि टेबलापाशी खुर्ची ओढून बसली.

"मला आठवतंय."

"एवढ्या वर्षांनी?"

"बाई," लेक म्हणाली. "तुम्ही दोन घालून दाखवलंत आणि दोन्ही राशी सारख्या म्हणालात. पण दोन क्ष आणि क्ष अधिक दोन, ह्यांतही दोन घातला तर दोन्हीकडे चार येतात. मग त्याही सारख्या का?"

आई कपाटापाशी गेली. तिने दोन्ही राशी एकाखाली एक लिहिल्या. अक्षर अजून तसंच होतं, वळणदार, दोन ओळींत सारखं अंतर राखून.

"तीन घाल," ती म्हणाली. "एकीचे सहा, दुसरीचे पाच. झाल्या वेगळ्या. दोनला जमलं ते योगायोगानं."

"मग कंसाचंही योगायोगानंच जमलं नसेल कशावरून? सगळे आकडे कुठं घालून पाहिलेत तुम्ही?"

मग आईने क्ष + ४ लिहिलं, त्याखाली पुन्हा क्ष + ४, त्याखाली आणखी एकदा.

"तीन वेळा लिहिलं. आता उभं मोज. क्ष किती आहेत? तीन. चार किती आहेत? तीन, म्हणजे बारा. क्षमध्ये काय दडलंय ते कशाला बघायचं? काही का असेना, तो तीनदाच आलाय. म्हणून इथं आकडा घालून बघायची गरजच नाही." तिने खडू खाली केला. "कळलं?"

"हो बाई," लेक होयबाच्या आवाजात म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

आईने पदराने डोळे टिपले. "खरं सांगू? तेव्हा विचारलं असतंस, तर मला हे सांगता आलं नसतं. मलाच नीट कळायला पुढं बरीच वर्षं लागली."

"मग काय केलं असतंस?"

"काय करणार? आगाऊपणा करतेस म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं."

दुसऱ्या दिवशी लेकीने पाठाची सुरुवात त्या दोन राशी फळ्यावर लिहून केली. मुलांनी दोन घालून पाहिला आणि एका सुरात "सारख्या!" म्हणून सांगितलं. मग मागच्या कुणीतरी पाच घातला. त्यानंतर जो गलका झाला तो आवरता आवरता निम्मा तास गेला. संस्थेच्या दोघांपैकी एक जण लिहायचं थांबवून स्वतःच आकडे घालून बघू लागले. कंसाची पाळी तास संपता संपता आली. मुख्याध्यापिका बाहेर पडताना म्हणाल्या, "गोंगाट फार झाला." जिन्यापाशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. "पुढच्या वर्षी सातवीच्या दोन्ही तुकड्या घ्याल ना?"

संध्याकाळी आईने दार उघडलं आणि हे सगळं उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

"आणि मुलं काय म्हणाली?"

"तास संपल्यावर एक मुलगी आली होती. बाई, हा प्रश्न पुस्तकात नाही, कुणी काढला, म्हणाली."

"मग?"

"मी काढला म्हटलं. सातवीत होते तेव्हा."

आईने लेकीच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली, पण ती ठेवायला काही वळली नाही. "तिनं विचारलं असेल, तुमच्या बाई काय म्हणाल्या म्हणून."

"विचारलं ना."

"काय सांगितलंस?"

"बाईंनी छान समजावून सांगितलं, म्हटलं," चप्पल काढता काढता लेक म्हणाली. "कधी, ते काही तिनं विचारलं नाही."